चौथी स्प्रिंग

"लोण्याच्या डबीत पुन्हा ग्रीस आहे," लेक फ्रिजच्या दारात उभी राहून पुटपुटली. कोणाला उद्देशून नाही. त्या घरात अशी वाक्यं हवेला सांगायची पद्धत होती. "एक दिवस मी पावाला ग्रीस लावून खाणार, आणि मग कोणीतरी म्हणणार, बघा, पोरगी कशी सुरळीत चालायला लागली."

"निळ्या झाकणाची डबी ग्रीसची," मिस्त्री टेबलावरून मान न वळवता म्हणाले. "पिवळ्या झाकणाची लोण्याची."

"दोन्ही पिवळी आहेत, बाबा."

"मग वास घेऊन बघायचं. नाक कशाला दिलंय?"

मिस्त्रीणबाईंनी लेकीच्या हातातून डबी घेतली, तिच्यावर चिकटपट्टी लावली आणि पेनाने ठळक लिहिलं : 'खाऊ नये.' एकवीस वर्षं दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून उभं राहिलेल्या बाईला लेबल लावल्याशिवाय चैन पडत नाही. तिथे तर दोन सारख्या दिसणाऱ्या बाटल्यांपैकी एकीने गुळण्या करतात आणि दुसरीने फरशी पुसतात.

मिस्त्रीणबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. नवरा मिस्त्री म्हणून त्या मिस्त्रीणबाई. आणि मिस्त्रीसुद्धा लिफ्टचे. तीस वर्षं उंच इमारतींच्या पोटातल्या त्या अंधाऱ्या उभ्या बोगद्यात त्यांनी काम केलं होतं. गेलं वर्षभर मात्र कंपनीने त्यांना खाली, ऑफिसात, फोनपाशी बसवलं होतं. कोणी लिफ्टमध्ये अडकलं की फोन मिस्त्रींकडे येई आणि ते म्हणत, "घाबरू नका, आमचा माणूस निघालाय." तिकडे दवाखान्यात मिस्त्रीणबाई खुर्चीतल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, "झालंच, आता एकच मिनिट." नवराबायको दोघांचाही धंदा आता धीर देण्याचाच होता, आणि दोघंही त्यात तरबेज होती. घराचं वाटोळं झालं ते त्यामुळेच, असं पुढे लेक म्हणायची.

जेवणाचं टेबल अर्धं जेवणाचं होतं आणि अर्धं रायफलचं. मध्ये मीठदाणी, हद्दीच्या दगडासारखी. रायफल खेळातली. तिच्यातून मटारापेक्षा थोडे लहान, प्लॅस्टिकचे पांढरे छर्रे उडतात. अंगावर बसले तर मुंगी चावल्यासारखं वाटतं, फार तर दोन दिवस लाल डाग राहतो. शहराबाहेर फरश्यांचा एक बंद पडलेला कारखाना होता. तिथे दर रविवारी सकाळी वीसपंचवीस मोठी, कमावती, पोट सुटलेली माणसं दोन गट करून एकमेकांवर हे छर्रे झाडत आणि दुपारी जेवायला आपापल्या घरी जात. मिस्त्री त्यांतले सर्वांत जुने. आणि त्यांचं खरं प्रेम खेळावर नव्हतं, रायफल खोलण्यावर होतं. "दुकानातून आली तशी रायफल वापरणं," ते म्हणत, "म्हणजे शिंप्याकडून आलेला सदरा टाचण्यांसकट घालणं." नवी नळी, नवं रबर, घासून आरशासारखा केलेला सिलिंडर, आणि घट्ट स्प्रिंग. गटातल्या निम्म्या रायफली याच टेबलावर पोट फाडून घेऊन गेलेल्या.

मिस्त्रींची स्वतःची रायफल जुन्या पद्धतीची होती. बॅटरी नाही, मोटर नाही. दाराच्या कडीसारखा एक बोल्ट असतो, तो प्रत्येक गोळीआधी हाताने मागे ओढायचा. आत दट्ट्यामागची स्प्रिंग दाबली जाते, चाप दाबला की ती सुटते आणि हवेच्या धक्क्याने छर्रा जातो. स्प्रिंग जितकी घट्ट तितका छर्रा लांब. पण तो सगळा जोर आधी आपल्याच हाताने भरावा लागतो.

आणि घोडं तिथंच पेंड खात होतं.

दीड वर्षापूर्वी मिस्त्रींच्या उजव्या हाताने कुलपात किल्ली फिरवायचं नाकारलं. मग शर्टाचं वरचं बटण. मग अंगठ्याच्या बुडाशी असतो तो मांसल उंचवटा बसायला लागला, भट्टीतून वेळेआधी काढलेल्या केकसारखा. नसांच्या डॉक्टरांनी सुया टोचल्या, वीज सोडली, कागदावर वेड्यावाकड्या रेघा काढून घेतल्या आणि अकरा मिनिटांत सगळं सांगितलं. मिस्त्रीणबाईंनी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं होतं, म्हणून अकरा. रोगाचं नाव लांबलचक होतं, पण त्यापुढची वाक्यं छोटी होती आणि कळायला सोपी होती. परतीच्या वाटेवर मिस्त्री एवढंच बोलले : "यांच्या जिन्याला कठडा सैल आहे." तेव्हापासून घरात त्या गोष्टीला 'ते हाताचं' असं म्हणत. "ते हाताचं तेल आणलंस का?" "ते हाताचं जरा बरं वाटतंय आज." डॉक्टरांचा कागद खणात टेबलक्लॉथांच्या खाली होता. टेबलक्लॉथ वर्षभर बदलला नव्हता.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे मूठ झाकायला मिटावी तर लागते.

तर स्प्रिंगची गोष्ट. चार महिन्यांपूर्वीच्या एका दुपारी मिस्त्री टेबलापाशी बसून बोल्ट ओढत होते. मिस्त्रीणबाई शेजारी कपड्यांच्या घड्या करत होत्या आणि मोजायचं नाही असं ठरवूनही मोजत होत्या. अकरा वेळा ओढला, एकदाही पुरता मागे आला नाही. मग मिस्त्रींनी रायफल मांडीवर ठेवली आणि आपल्या हाताकडे पाहिलं. रागाने नाही. तीस वर्षं एकही दिवस खाडा न केलेला कामगार अचानक, न सांगता गैरहजर राहिला, तर त्याच्या रिकाम्या जागेकडे मुकादम पाहील तसं.

"सिलिंडर घासत असेल," ते म्हणाले. "खोलून बघू."

खोलायचं म्हणजे आता दोघांनी. मिस्त्री सांगणार, मिस्त्रीणबाई करणार. "धर. दाब. आता हळूच सोड." याची त्यांना सवयच होती, दवाखान्यात तेच तर करायचं, डॉक्टर हात पुढे करायच्या आत हवं ते त्या हातावर ठेवायचं. त्या दुपारी सगळं पुसून, ग्रीस लावून परत जोडायच्या वेळी मिस्त्रींना ऑफिसचा फोन आला. कोणी म्हातारं जोडपं पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये अडकलं होतं. मिस्त्री खिडकीशी जाऊन त्यांना धीर देत राहिले. आणि मिस्त्रीणबाईंचा हात स्क्रूंच्या डब्यात गेला. तिथे रायफलबरोबर दुकानातून आलेली मूळची स्प्रिंग पडून होती, पहिल्याच दिवशी काढून टाकलेली, मऊ. त्यांनी ती आत घातली. घट्ट स्प्रिंग ॲप्रनच्या खिशात.

मिस्त्री परत आले, बसले, बोल्ट ओढला. आला.

त्यांनी पुन्हा ओढला. पुन्हा आला. बायकोकडे पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला होता की मिस्त्रीणबाईंना क्षणभर वाटलं, आपण काही वाईट केलेलं नाही. मग वाटलं, केलंय. पण तोवर मिस्त्री लेकीला हाका मारत होते : "अगं ये, बघ! मी म्हटलं नव्हतं, तेलाने फरक पडतोय?"

एकदा पाऊल घसरलं की जिना स्वतःच खाली नेतो. सहा आठवड्यांनी ती मऊ स्प्रिंगही जड झाली. मिस्त्रीणबाईंनी दुकानात जाऊन तिच्याहून मऊ आणली. महिन्याभराने तीही जड झाली. त्याहून मऊ दुकानात नव्हती. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "बाई, सगळे घट्ट मागतात. तुम्ही उलट्या का चाललात?" त्या म्हणाल्या, "लहान मुलाला हवीय." मग तसलीच आणखी एक घेऊन चौथी त्यांनी स्वतः केली. दवाखान्यातल्या तारा कापायच्या पकडीने तिचे पाच वेढे कापले, टोक दिव्यावर लाल करून बसवलं. स्प्रिंग कापणं म्हणजे मिस्त्रींच्या लेखी महापाप. कोणी कापलेली स्प्रिंग घेऊन आला तर ते त्याला चहासुद्धा विचारत नसत. काढलेल्या तिन्ही स्प्रिंगा मिस्त्रीणबाईंनी दाताचे साचे ठेवायच्या एका डबीत घातल्या आणि वर, औषधांच्या मागे ठेवल्या. आयुष्यात पहिल्यांदाच एका डबीला त्यांनी लेबल लावलं नाही.

आणि दर वेळी मिस्त्रींचा हात, आतून वाळत, बारीक होत, थोडा आणखी बरा होत गेला.

शनिवारच्या त्या सकाळी, ग्रीसचं भांडण मिटल्यावर, मिस्त्रींनी चहात पाव बुडवत सहज सांगावं तसं सांगितलं, "सुपरवायझरला कळवून टाकलं. सोमवारपासून परत वर जाणार."

लेकीच्या हातातली सुरी पावावर थांबली. "वर म्हणजे?"

"वर म्हणजे वर. शाफ्टमध्ये. मोठ्या हॉस्पिटलची लिफ्ट आहे, ब्रेकचं काम. जोडीदार खाली खड्ड्यात उतरणार, मी वर हाताने ब्रेक धरणार. दोन तासांचं काम."

"तुम्ही ब्रेक धरणार," मिस्त्रीणबाई म्हणाल्या.

"धरायचाच असतो. सोडला तर खालचा माणूस फरशी होतो." मिस्त्री आपल्याच विनोदावर हसले. तीस वर्षं तोच विनोद.

"डॉक्टरांना एकदा विचारायचं का?" मिस्त्रीणबाईंनी दवाखान्यातल्या आवाजात विचारलं, मऊ आणि घाई नसलेल्या. "नुसतं विचारायचं."

"अगं, हातच्या कांकणाला आरसा कशाला?" मिस्त्रींनी रायफल उचलली, डाव्या हाताने टेबलावर दाबून धरली आणि उजव्या हाताने बोल्ट ओढला. खट्. "हा घे दाखला. चार महिन्यांपूर्वी हे जमत होतं का? सांग, तूच सांग. तू होतीस ना शेजारी?"

"होते," मिस्त्रीणबाई म्हणाल्या.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. दवाखान्यात त्या रोज दुसऱ्यांचे बघत.

मिस्त्री अंघोळीला गेल्यावर लेक आईजवळ येऊन उभी राहिली. ती औषधांच्या दुकानात काम करायची. 'त्या हाताच्या' गोळ्या कशासाठी असतात आणि कशासाठी नसतात हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

"आई, तू काहीतरी बोल."

"तूच बोल ना."

"मी काय बोलू? ते माझ्याकडे बघून हसतात गं." लेकीने डबीवरचं 'खाऊ नये' नखाने खरवडलं. "उद्या खेळ आहे ना? खेळून येऊ देत. मग बोलू."

"मग बोलू," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. हेच त्या मागच्या महिन्यातही म्हणाल्या होत्या.

रविवारी कारखान्याच्या फाटकाशी नेहमीसारखं टेबल मांडलं होतं. त्यावर छर्ऱ्याचा वेग, सेकंदाला किती फूट, ते मोजायचं छोटं यंत्र. कोणाची रायफल फार जोराची असेल तर समोरच्याचा दात पडू शकतो, म्हणून आत जाण्याआधी प्रत्येकाने एक गोळी यंत्रातून झाडायची. यंत्रावर बेकरीवाला बसे. गट त्यानेच जमवलेला, नियम त्यानेच केलेले. यंत्राची काच त्याच्याकडे, आकडा तो मोठ्याने वाचून दाखवणार.

मिस्त्रींनी गोळी झाडली. बेकरीवाल्याने काचेकडे पाहिलं.

"चारशे ऐंशी," तो म्हणाला. "कमाल आहे बुवा मिस्त्री. जपून मारा, आम्हाला बायकापोरं आहेत."

मिस्त्री खूश होऊन आत गेले. बेकरीवाल्याने मिस्त्रीणबाईंकडे पाहिलं नाही. टेबलावर नसलेलं पीठ झटकत बसला. त्या प्रथमोपचाराची पेटी आणि चहाचा थर्मास घेऊन फाटकाजवळच्या उलट्या पिंपावर बसत, आणि गेले तीन रविवार त्यांना तिथून काचेतला आकडा तिरका दिसत होता. तिथे चारशे नव्हते. तीनशेही नव्हते.

या खेळात एक गंमत आहे. छर्ऱ्याचा रंग लागत नाही, खूण राहत नाही, पंच नसतो. ज्याला लागली त्याने स्वतःच हात वर करून "लागली!" म्हणायचं आणि मुकाट्याने बाहेर येऊन बसायचं. सगळा डोलारा माणसाच्या खरेपणावर. मिस्त्रीणबाईंना याचं फार कौतुक वाटे. दवाखान्यात येणारे लोक तर तोंड उघडायच्या आधीच खोटं बोलतात, रोज दोनदा घासतो म्हणून. आणि इथे ही ढेरपोटी माणसं, कोणी बघत नसताना, आपण मेलो असं आपणहून सांगतात.

आता तेही राहिलं नव्हतं. मिस्त्री भट्टीच्या भिंतीआड आडवे पडून गोळी झाडत, आणि साठ पावलांवरचा केशकर्तनालयवाला हात वर करी. "लागली! काय नेम आहे!" मिस्त्री पुन्हा झाडत, टायरवाला उठे. "लागली हो, लागली!" छर्रा मध्येच वीस-पंचवीस पावलांवर दमून जमिनीत शिरलेला असे. मिस्त्रीणबाई पिंपावरून पाहत. अख्खा गट एका माणसासाठी दर रविवारी रांगेने मरत होता. कोणी कोणाशी ठरवलं नव्हतं. ठरवायला बोलावं लागलं असतं.

त्या रविवारी गटात एक नव्या बाई होत्या. कुठल्याशा शाळेत खेळ शिकवायच्या. केस बारीक कापलेले, चाल सरळ. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. काय सांगणार?

मिस्त्रींनी त्यांच्यावर गोळी झाडली. बाई चालत राहिल्या. मिस्त्रींनी दुसरी झाडली. बाई चालतच राहिल्या.

"ओ बाई!" मिस्त्री भिंतीआडून उठले. "लागलीय तुम्हाला. दोनदा!"

"नाही लागली हो."

"छातीवर लागलीय. मी बघितली."

"काका, लागली असती तर मी सांगितलं असतं." बाई बऱ्याच पुढे, मिस्त्रींच्या बाजूला चालत आल्या, वाकल्या आणि जमिनीवरून काहीतरी उचलून दाखवलं. पांढरा छर्रा. "ही इथे पडली. आणि ही दुसरी, तिथे."

खेळ थांबला. या गटात कोणाला खोटारडं म्हणणं ही सर्वांत मोठी शिवी. मिस्त्री लालबुंद होऊन फाटकाकडे निघाले आणि त्यांच्यामागे सगळा गट, भांडण करणाऱ्या भावांच्या मागे शेजारी येतात तसा.

"लावा यंत्र," मिस्त्री म्हणाले. "चारशे ऐंशीची गोळी साठ पावलांच्या आतच पडते म्हणे!"

"जाऊ द्या ना मिस्त्री," बेकरीवाला म्हणाला. "यंत्राची बॅटरी गेलीय."

"आत्ता तासाभरापूर्वी होती."

"आता गेली."

"मग दिवा कसा लागलाय त्याचा?"

बेकरीवाल्याने दिव्यावर अंगठा ठेवला. भल्या माणसाला खोटं रेटून बोलता येत नाही, हीच तर भल्या माणसाची अडचण. मिस्त्रींनी बोल्ट ओढला, खट्, आणि गोळी झाडली. बेकरीवाला काचेकडे बघेना. मग नव्या बाईंनीच मान पुढे करून वाचलं.

"एकशे एकाहत्तर."

वाऱ्यावर कुठेतरी पत्रा वाजत होता. केशकर्तनालयवाल्याने बुटाचा बंद सोडला आणि पुन्हा बांधला. नव्या बाईंनी सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि आपण काहीतरी फोडलं आहे, पण काय ते कळत नाही, अशा उभ्या राहिल्या.

"हवा गळत असणार," अखेर मिस्त्री म्हणाले. "दट्ट्याचं रबर गेलंय."

"हां, रबरच," बेकरीवाला लगेच म्हणाला.

"रबरच असणार," टायरवाला म्हणाला.

"उन्हाने जातंच रबर," केशकर्तनालयवाला म्हणाला, आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मिस्त्रींनी नव्या बाईंची माफी मागितली, नीट, शब्द न गिळता. त्या म्हणाल्या, "असू दे हो काका." मिस्त्रीणबाईंनी सगळ्यांना थर्मासातला चहा वाटला. कोणालाच नको होता, सगळ्यांनी घेतला.

घरी आल्यावर मिस्त्री कपडे न बदलताच टेबलाशी बसले. "खोल," ते म्हणाले. मिस्त्रीणबाईंनी हात धुतले, दवाखान्यात धुतात तसे कोपरापर्यंत, आणि खोललं. लेक हद्दीच्या अलीकडे, जेवणाच्या बाजूला, दूध न घातलेला चहा घेऊन बसली.

सिलिंडर बाहेर आला. मिस्त्रींनी त्याच्या तोंडावर डावा अंगठा ठेवला. "दट्ट्या लोट." मिस्त्रीणबाईंनी लोटला. दट्ट्या अर्ध्यावर जाऊन हवेवर अडला आणि तसाच राहिला. कुठून फुस्सदेखील नाही.

"रबर चांगलं आहे," लेक हळू आवाजात म्हणाली.

"हूं." मिस्त्रींनी सिलिंडरवरून अंगठा काढला. मग म्हणाले, "स्प्रिंग दे."

मिस्त्रीणबाईंनी ती चौथी स्प्रिंग त्यांच्या तळहातावर ठेवली. मिस्त्रींनी ती चष्म्याजवळ नेली, फिरवली. शेवटच्या वेढ्यावर निळसर जळका डाग होता आणि टोकावर पकडीचे दोन दात उमटले होते. तीस वर्षं तारा, स्प्रिंगा, दोरखंड हाताळलेला माणूस. लेकीने आईकडे पाहिलं. मिस्त्रीणबाईंनी पदर नव्हता म्हणून ॲप्रनचं टोक मुठीत धरलं.

"ही कापलेली आहे," मिस्त्री म्हणाले.

लेकीने चहाचा कप खाली ठेवला.

"हल्ली कंपन्याच अशा पाठवतात," मिस्त्री म्हणाले. त्यांनी स्प्रिंग अलगद, आवाज न करता टेबलावर ठेवली. "माल राहिला नाही पूर्वीसारखा. नवी घाल. ते पाकीट फोड, घट्टवाली."

ते पाकीट त्यांनी वर्षापूर्वी हौसेने आणलं होतं. मिस्त्रीणबाईंनी फोडलं. नवी स्प्रिंग दाबून बसवताना त्यांच्या स्वतःच्या अंगठ्याला घाम सुटला. सगळं जोडून त्यांनी रायफल नवऱ्यापुढे ठेवली, मूठ त्यांच्या बाजूला करून, जशी डॉक्टरांना पकड द्यायची असते.

मिस्त्रींनी बोल्ट धरला. बोटं त्याच्याभोवती मिटायला वेळ लागला. ओढला. बोल्ट जागचा हलला नाही. उठून उभे राहिले, रायफल छातीशी धरली, ओढला. मग डावा हात उजव्यावर ठेवून दोन्ही हातांनी ओढला. बोल्ट दोन बोटं मागे आला आणि हात निसटून परत गेला. त्या झटक्याने मीठदाणी कलंडली.

"बोल्ट घासतोय," मिस्त्री म्हणाले. त्यांना दम लागला होता. "ग्रीस दे."

लेक उठली आणि फ्रिजमधून डबी घेऊन आली. झाकणावर आईचं अक्षर, अर्धं खरवडलेलं. मिस्त्रीणबाईंनी बोल्टला ग्रीस लावलं, खाचेला लावलं, सिलिंडरवर बोट फिरवलं. मिस्त्रींनी पुन्हा ओढला. या वेळी एक बोट.

"अजून घासतोय."

"हो," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. सवयीने. झालंच, आता एकच मिनिट.

तेवढ्यात फोन वाजला. मिस्त्रींना हल्ली फोन कानाशी धरवत नसे, म्हणून तो टेबलावर सांडलेल्या मिठात ठेवूनच ते आवाज मोठा करत. सुपरवायझर होता. वीस वर्षांची दोस्ती. मिस्त्रींच्या शब्दापुढे त्याने कधी कागद मागितला नव्हता.

"काय मिस्त्री! उद्या आठला ये. जोडीदाराला सांगितलंय, खूश झालाय गडी. म्हणतो, वर मिस्त्री असले की खड्ड्यात झोप लागते मला."

"आठला येतो," मिस्त्री म्हणाले. उजवा हात मांडीवर होता. त्यातला एक स्नायू आपला आपण, कोणी न सांगता, पापणीसारखा फडफडत होता. मिस्त्री त्याच्याकडे बघत नव्हते.

"बाकी एक विचारू? रागावू नकोस." सुपरवायझरचा आवाज जरा उतरला. "वरून मला विचारतात म्हणून. हात खरंच बरा झालाय ना रे?"

मिस्त्रींनी तोंड उघडलं. लेकीने चहाचा कप दोन्ही हातांनी धरला. मिस्त्रीणबाई उठल्या, वरच्या फळीवर औषधांच्या मागे हात घातला आणि बिनलेबलाची डबी काढून आणली. तिच्यातल्या तीन स्प्रिंगा त्यांनी एकेक करून टेबलावर मांडल्या, घट्टपासून मऊपर्यंत, आणि शेवटी ती चौथी, कापलेली. मिस्त्री पाहत राहिले. चारी एका रांगेत, उतरत्या, जिन्यासारख्या.

"हॅलो? मिस्त्री?"

मिस्त्रीणबाई फोनकडे वाकल्या नाहीत. त्या नवऱ्याकडे बघूनच बोलल्या, आणि तो दवाखान्यातला आवाज नव्हता.

"नाही झाला," त्या म्हणाल्या. "स्प्रिंगा मी बदलत होते. तुमचा हात बरा झालेला नाही, आणि तो होणार नाही. मग डावाही जाईल. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आपण दोघं शेजारी शेजारी बसलो होतो."